कामा रुग्णालय : परिचारिकांच्या बाजूने

मुंबईचे कामा आणि आल्ब्लेस रुग्णालय उभे राहिले ते एका जीवघेण्या अडचणीतून. एकोणिसाव्या शतकात घरातली बाई आजारी पडली किंवा बाळंतपणात अडली, तर तिला पुरुष डॉक्टरापुढे नेणे बहुतेक घरांना मान्य नव्हते. बायकांना तपासणारी शिकलेली स्त्री डॉक्टर मिळणे अशक्यप्राय होते. उरायची ती सुईण, आणि सुईणीच्या हाताबाहेर गेले की देव. किती घरांतली पहिलटकरीण या दोहोंमध्ये गेली याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

या अडचणीला हात घालायला दोन माणसे पुढे आली. जॉर्ज किट्रेज हे मुंबईत व्यवसायानिमित्त राहिलेले अमेरिकन गृहस्थ, आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे गिरणी कामगारांसाठी कायदा व्हावा म्हणून झटलेले पारशी सुधारक. त्यांनी निधी उभारायला घेतला. विलायतेहून स्त्री डॉक्टर आणायच्या, बायका-मुलांसाठी स्त्रियाच चालवतील असे रुग्णालय बांधायचे आणि इथल्या मुलींना वैद्यकीचे शिक्षण खुले करून द्यायचे, असा त्यांचा संकल्प होता. 1883 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे मुलींना उघडली. त्याच वर्षी पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या लाखाहून मोठ्या देणगीतून रुग्णालयाची पायाभरणी झाली. 1886 मध्ये रुग्णालय सुरू झाले. पुढे बोमनजी एदलजी आल्ब्लेस यांच्या देणगीतून प्रसूतीचा स्वतंत्र विभाग आला आणि दोन नावे जोडली गेली. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांचा देशभर गाजलेला निधी 1885 चा, म्हणजे मुंबईच्या नंतरचा. मुंबईकरांनी याचा अभिमान जरूर बाळगावा.

रुग्णालय उघडले त्याच 1886 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन बाहेर पडल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते, आणि त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे मनावर घेतले होते. 1887 च्या फेब्रुवारीत त्याही गेल्या. त्यांना प्रत्यक्ष काम करायला मिळालेच नाही. कामाचा इतिहास वाचताना हे दोन धागे शेजारी ठेवावेत असे मला वाटते, कारण ज्या मरणाविरुद्ध हे रुग्णालय बांधले गेले ते मरण त्या काळी घरोघर येत होते.

पहिल्या प्रमुख डॉक्टर एडिथ पीची. एडिनबरो विद्यापीठात वैद्यकीसाठी प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. रसायनशास्त्रात गुणांनी मिळवलेली शिष्यवृत्ती त्यांना बाई म्हणून नाकारली गेली होती. 1883 च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या. रुग्णालयाची इमारत तयार होण्याआधी जाफर सुलेमान यांच्या देणगीतून निघालेल्या दवाखान्यात बायकांची रीघ लागली. पीचीबाईंनी बालविवाहाविरुद्ध या शहरात जाहीर व्याख्यान दिले, रखमाबाईंना विलायतेत शिकायला पाठवण्यासाठी खटपट केली, आणि त्याच रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्यावर 1895 मध्ये काही काळ कामामध्ये काम करून गेल्या. पीचीबाईंची आणखी एक कामगिरी मात्र इतिहासात ओझरती येते. त्यांनी इथे परिचारिकांचे शिक्षण सुरू केले.

या लेखाला खरे म्हणजे इथून सुरुवात होते. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली असतात, डॉक्टरांची नावे अहवालांत आणि तसबिरींखाली असतात. पण रुग्णालय रात्री दोन वाजता चालू असते ते परिचारिकेच्या जिवावर, आणि तिचे नाव ड्युटीच्या तक्त्यावर असते. महिना संपला की तो तक्ता बदलतो.

परिचारिकेचे काम करायला सुरुवातीच्या काळात कोण येणार, हा मोठा प्रश्न होता. परक्याचे मलमूत्र, रक्त, परक्या जातीच्या बाळंतिणीचे अंग यांना हात लावणे ही आपल्याकडे अगदी खालच्या पायरीची गोष्ट मानली जाई. बाळंतिणीला तर दहा दिवस घरचे लोकही शिवत नसत. अशा समाजात मुलीला 'नर्स' करायला कोणते घर तयार होणार? त्यामुळे पहिल्या पिढ्यांत ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली पुढे आल्या. मागोमाग विधवा आणि परित्यक्ता आल्या, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा कुठे पांढरपेशा घरांतून त्या कामाकडे पाहण्याची नजर थोडी बदलली.

नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत 1891 सालापुढे एक नाव येते, बाई काशीबाई गणपत. प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका अशी त्यांची नोंद. पिढ्यान्‌पिढ्या मुली ते नाव पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. मला मात्र त्या नावापाशी थांबावेसे वाटते. काशीबाई कुठल्या गावच्या, त्यांना मुले होती का, रात्रपाळीला त्या निघाल्या की घरी दार कोण लावून घ्यायचे, हे काहीच त्या ओळीत नाही. एवढ्या मोठ्या कामाचा आरंभ करणाऱ्या बाईच्या वाट्याला एक ओळ येते, याची खंत व्यक्त केल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही.

पुढचा मोठा टप्पा डॉ. जेरुशा झिराड यांचा. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातल्या या मुलीने लहानपणी आपल्या बहिणीचा जीव कामामध्ये वाचलेला पाहिला आणि डॉक्टर व्हायचे ठरवले. शिक्षण पुण्यात आणि मग ग्रँट मेडिकलमध्ये. 1919 मध्ये लंडनची एम. डी. झाल्या. 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून 1947 पर्यंत त्यांनी कामाची धुरा सांभाळली. या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय. मुंबईतल्या मातामृत्यूंची कारणे शोधून त्यांनी अहवाल लिहिला. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली. त्यांच्याच काळात, 1935 मध्ये, मुंबई इलाख्यात परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि 'शिकलेली नर्स' या शब्दाला कागदाचा आधार मिळाला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाची स्थिती काय होती ते 1946 च्या भोर समितीच्या अहवालात दिसते. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका जेमतेम 7,000. म्हणजे सुमारे 43,000 माणसांमागे एक. दर हजार जन्मांमागे 20 माता मरत होत्या. परिचारिकांचे कामाचे तास, राहण्याची जागा, पगार यांच्याविषयी समितीने परखड लिहिले आहे. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या 7,000 मधली प्रत्येक बाई तेव्हा डझनभर बायांचे काम एकटी करत होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कोकणातून, देशावरून, विदर्भातून मराठी मुली या शिक्षणाला येऊ लागल्या. माझी आजी त्यांतली एक. या रुग्णालयाच्या परिचारिकांविषयी लिहिताना मी तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणार आहे. ती असामान्य होती असा माझा दावा नाही. तिच्यासारख्या शेकडो जणी होत्या, आणि मला जवळून माहीत असलेली ती एकच.

ती रत्नागिरीकडची. बोटीने मुंबईला आली, भाऊच्या धक्क्याला उतरली तेव्हा बरोबर एक ट्रंक आणि थोरल्या भावाची चिठ्ठी. गावात लोकांनी तिच्या वडिलांना तोंडावर विचारले होते, "पोरीला घाण उपसायला पाठवता?" वडील शाळामास्तर. त्यांनी उत्तर दिले नाही, पण पोरीला पाठवले. तीन वर्षे नर्सिंग, नंतर मिडवायफरी. वसतिगृहातून बाहेर जायचे तर पास, रात्री दिवे घालवायची वेळ ठरलेली. पहिल्या पगारापासून दरमहा गावी मनिऑर्डर. दोन भावांची शिक्षणे आणि एका बहिणीचे लग्न तिच्या पगारातून झाले. घरच्या बायका हे नंतर आपसात सांगत, पुरुषमाणसांनी कधी उच्चारले नाही.

तेव्हाचे वॉर्डातले काम आजच्या मुलींना सांगितले तर खरे वाटत नाही. काचेच्या सिरिंजा, त्या स्टरिलायझरमध्ये उकळायच्या. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून पुन्हा धारदार करायच्या. रबरी हातमोजे धुवायचे, हवा भरून भोक आहे का पाहायचे, सुकवून, पावडर लावून, जोड्या जुळवून ड्रममध्ये भरायचे. रात्री वॉर्ड शांत झाला की गॉज कापत बसायचे आणि कापसाचे बोळे वळायचे. सकाळी ड्युटी सोडताना एकेका खाटेपाशी उभे राहून पुढच्या सिस्टरला 'ओव्हर' द्यायचा. कुणाला किती रक्तस्राव, कुणाची लघवी झाली नाही, कुणाचे बाळ अंगावर ओढत नाही. ओव्हर देताना चुकले तर परिसेविका सर्वांदेखत झाडायच्या. आजी म्हणे, "त्या ओरडायच्या ते बरेच व्हायचे. विसरलेली एक गोष्ट म्हणजे एक पेशंट."

तिच्या कामातली एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती तिने कधी मोठी म्हणून सांगितली नाही. बाळ झाले, रडले, सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळल्या, की तिचा हात मात्र आईच्या पोटावर असे. वार पडल्यानंतर गर्भाशय घट्ट आवळले पाहिजे. सैल राहिले तर आतून रक्त वाहत राहते आणि बाई हसत बोलत असतानाच पाहता पाहता पांढरी पडते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे जगभरातले सर्वांत मोठे कारण आहे, आणि तो ओळखायची पहिली खूण यंत्रावर दिसत नाही, तळहाताला कळते. गर्भाशय कडक लागले तर ठीक, कणकेसारखे मऊ लागले तर चोळायचे, डॉक्टरांना हाक मारायची, इंजेक्शन भरायचे, पायथ्याखाली ठोकळे ठेवायचे. त्या पहिल्या तासात सिस्टरने हात काढला नाही म्हणून किती जणी घरी गेल्या, हे त्यांना स्वतःलाही कळले नाही. न झालेल्या मृत्यूंची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही. परिचारिकांचे काम इतिहासातून निसटते त्याचे मुख्य कारण मला हेच दिसते.

बाळंतपणाचे झटके येणाऱ्या बायकांची खोली वेगळी. अंधार, आवाज नाही, दारावर पडदा. तिथे बसणारी सिस्टर चपला बाहेर काढून आत जाई. झटका आला की जीभ चावली जाऊ नये म्हणून, बाई खाटेवरून पडू नये म्हणून तिच्यापाशी सतत कोणीतरी असावे लागे. तासन्‌तास काही घडत नाही आणि घडले तर क्षणात. आजी ती ड्युटी मागून घेई. तिला शांत बसता येत असे, एवढेच कारण ती द्यायची.

लग्न उशिरा झाले. आजोबा छापखान्यात. बिऱ्हाड लालबागच्या चाळीत. नर्स मुलगी सून म्हणून घ्यायला बरीच स्थळे कचरली होती. आजोबांच्या आईने मात्र पाहायच्या कार्यक्रमात एकच विचारले, "रात्रीची ड्युटी असली की पोरं मी सांभाळीन, पण नोकरी सोडणार नाहीस ना?" ही पणजी स्वतः अक्षरशत्रू होती. तिची दोन मुले बाळंतपणात गेली होती. नर्सबाईच्या संसाराला कोणाचा टेकू लागतो हे तिने न शिकता ओळखले होते. कामाच्या परिचारिकांचा इतिहास लिहिताना त्यांच्या सासवा, आया, नणंदा आणि चाळीतल्या शेजारणी यांचा उल्लेख केला पाहिजे. त्यांनी घरी मुले धरली म्हणून या वॉर्डात उभ्या राहू शकल्या.

माझ्या आईचे जन्मानंतरचे पहिले दिवस आजी सांगायची. रजा संपून ती कामावर रुजू झाली तेव्हा मूल अंगावर पिणारे. वॉर्डात दुसऱ्यांची बाळे रडली की तिला पान्हा फुटे, पदर ओला होई, आणि त्याच पदरावर स्वच्छ एप्रन बांधून ती पुढच्या बाळंतिणीला बाळ कसे धरायचे ते शिकवी. घरी तिची मुलगी वाटीचमच्याने गाईचे दूध पीत असे. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसे. मला ऐकताना ती तक्रार व्हायला हवी होती असे वाटे, आणि अजूनही वाटते. जिने दुसऱ्यांच्या हजार बाळांना पहिल्या दुधाची वाट दाखवली, तिच्या बाळाच्या वाट्याचे दूध फुकट जाऊ नये, एवढी व्यवस्था राज्याने आणि समाजाने करायला हवी होती. कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी मुंबईत 1929 मध्ये बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, त्या विधेयकाला विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोरदार पाठिंबा दिला होता. 1961 मध्ये देशभराचा कायदा आला, 2017 मध्ये रजा 26 आठवड्यांची झाली. आजच्या तरुण परिचारिकांना मिळते ती रजा मागच्या पिढ्यांच्या ओल्या पदरांवरून चालत आलेली आहे.

रात्रपाळीहून ती सकाळी येई. मुलांना न्हाऊ घालून, डबे भरून शाळेत पाठवी, मग खिडकीला चादर लावून झोपे. आई आणि मामा आवाज न करता खेळायला तेव्हाच शिकले. दिवाळीच्या पहाटे ती कितीदा तरी वॉर्डात असे. गणपतीत कोकणात जायची रजा आलटून पालटून मिळे, ज्या वर्षी मिळे त्या वर्षी ती दोन दिवस आधीपासून कोणाशी भांडत नसे, एवढी आनंदात असे. मुलांच्या मनात याचा सल राहिला का? राहिला. माझ्या मामाने मला सांगितले आहे की, शाळेच्या बक्षीस समारंभाला आई कधीच नसे आणि लहानपणी त्याला वॉर्डातल्या बाळांचा राग येत असे. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते. निष्ठेची किंमत त्या बाईबरोबर तिची मुलेही मोजतात, आणि गौरवाच्या लेखांत ही बाजू गाळली जाते.

मग ती आजी झाली. माझ्या आईचे पहिले बाळंतपण, तेव्हा घरच्या थोरल्या बायका आपापली शास्त्रे घेऊन आल्या. पहिला चीक पिळून टाका, बाळाला मध चाटवा, डोळ्यांत काजळ भरा, खोलीत शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावा. आजी हात कोपरापर्यंत धुऊन, बांगड्या वर सारून बाळाच्या खाटेपाशी बसली आणि कोणाशी वाद न घालता एकेक गोष्ट अडवत गेली. चीक म्हणजे बाळाची पहिली लस, तो टाकायचा नाही. काजळ लावायची हौस असेल तर तळपायाला लावा. धुराने बाळाची छाती भरते, शेगडी बाहेर. तेल लावायला, डिंकाच्या लाडवांना, अळिवाच्या खिरीला तिची ना नव्हती, उलट लाडू तिनेच वळले. घरातली रीत आणि वॉर्डातले शिक्षण यांतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे तिच्या हातांनी कधीच ठरवून टाकले होते. आमच्या चाळीतल्या दोन मजल्यांवर पुढच्या वीस वर्षांत कोणाही बाळाच्या तोंडाला मध लागला नाही. आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांआधी ही माहिती चाळीच्या जिन्यावरून पसरली होती. परिचारिका निवृत्त झाली तरी तिचा वॉर्ड संपत नाही, हे मी तिच्यावरून सांगू शकते. ताप आलेले मूल, साखर वाढलेले आजोबा, पाळी चुकलेली घाबरलेली मुलगी, सगळे आधी तिच्या दाराशी येत.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र कामाच्या इतिहासात वगळता येणार नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून दोन अतिरेकी रुग्णालयाच्या आवारात शिरले. बबन उघडे आणि भानू नारकर हे पहारेकरी त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. वर गच्चीच्या बाजूला पोलीस अधिकारी सदानंद दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना थोपवले. त्यात प्रकाश मोरे हुतात्मा झाले, दाते जखमी झाले. त्याच वेळी बाळंतपणाआधीच्या वॉर्डात अंजली कुलथे या परिचारिका ड्युटीवर होत्या. त्यांच्या वॉर्डात 20 गरोदर बायका. त्यांनी दारे बंद करून घेतली, दिवे घालवले आणि सगळ्यांना पँट्रीच्या चिंचोळ्या जागेत हलवले. त्या गोंधळात एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या आधाराने धरत जिन्याने प्रसूतिगृहापर्यंत पोचवले. गोळ्या चालू असताना त्या रात्री रुग्णालयात बाळंतपण झाले. पुढे खटल्यात साक्ष द्यायला अंजलीताई आपल्या गणवेशात गेल्या, आणि 2022 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी त्या रात्रीविषयी सांगितले. 1886 पासूनच्या साऱ्या परिचारिकांच्या वतीने एका परिचारिकेने जगाच्या व्यासपीठावर बोलावे, याहून योग्य गोष्ट मला सुचत नाही.

आजी तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. आम्ही सारे दूरदर्शनसमोर बसलो होतो, कामाचे नाव आले तेव्हा ती उठून उभी राहिली. किती अतिरेकी, कुठून आले, हे तिने विचारले नाही. "वॉर्डात पेशंट किती होते?" एवढेच विचारले, आणि उत्तर कोणालाच माहीत नव्हते म्हणून रात्रभर जागी राहिली.

दरम्यानच्या काळात पुष्कळ बदलले. सिरिंजा एकदा वापरून टाकायच्या आल्या, हातमोजे धुवायचे संपले, टोपी गेली. सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदनामे रूढ झाली, तरी रुग्णांच्या तोंडी 'सिस्टर' कायम आहे. भोर समितीने हजारामागे 20 माता जात असल्याचे लिहिले होते. 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले प्रमाण लाखामागे 33 वर आले. यात औषधांचा, रक्तपेढ्यांचा, रस्त्यांचा, शिक्षणाचा वाटा आहे आणि तो मोठा आहे. पण बाळंतपण घरातून रुग्णालयात आले ते रुग्णालयात विश्वासाचा हात मिळतो हे बायकांनी एकमेकींना सांगितले म्हणून. तो हात बहुतेक वेळा परिचारिकेचा होता.

न बदललेलेही पुष्कळ आहे. एका पाळीत एकीच्या वाट्याला येणारे रुग्ण, सक्तीची दुहेरी ड्युटी, रात्री घरी परतण्याची काळजी, कंत्राटी नेमणुकांची टांगती तलवार, हे प्रश्न राज्यभरच्या परिचारिका आजही संपावर जाऊन मांडतात. दरवर्षी 12 मे रोजी दिवे लावून फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शपथ घेतली जाते, भाषणांत 'देवदूत' हा शब्द येतो. माझे मत स्पष्ट आहे. परिचारिकेला देवदूत म्हणण्याने तिची भूक, झोप आणि घरी वाट पाहणारी मुले नजरेआड होतात. तिला पुरेसे मनुष्यबळ, पाळणाघर आणि वेळेवर बढती दिली तर तो या रुग्णालयाच्या परंपरेचा खरा मान ठरेल.

आजी काही वर्षांपूर्वी वृद्धापकाळाने गेली. तिच्या ट्रंकेत नर्सिंग कौन्सिलचे नोंदणीपत्र, गणवेशाला लावायचा बिल्ला, वसतिगृहाच्या पायऱ्यांवर मैत्रिणींबरोबर काढलेला एक फोटो आणि एक वही निघाली. वहीत प्रसूतीच्या पायऱ्या इंग्रजीत आणि त्यांच्या कडेला मराठीत स्वतःच्या सूचना. फोटोतल्या अकरा मुलींपैकी तिघींचीच नावे आम्हाला माहीत आहेत. बाकीच्या आठ जणी कोण होत्या हे सांगणारे आता घरात कोणी नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. तुमची आई, आजी, मावशी, आत्या किंवा सासू कामामध्ये, किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही रुग्णालयात परिचारिका असेल, तर तिला आजच विचारा. कुठल्या वर्षी शिकायला आली, बरोबरच्या कोण होत्या, कोणत्या वॉर्डात होती, पहिला पगार किती होता, मुले कोणी सांभाळली. तिच्याकडचा फोटो असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहून घ्या. ती आता नसेल तर तिचे नोंदणीपत्र, बिल्ला, वही रद्दीत जाऊ देऊ नका, आणि त्यांच्या प्रती ती जिथे राबली त्या रुग्णालयाच्या अधिसेविकांकडे किंवा परिचर्या शाळेकडे पोचत्या करा.